आज बंद आहे

बँकॉकच्या राजवाड्याला लांबलचक पांढरी भिंत आहे. तिच्या कडेकडेनं मी चाललो होतो. सकाळचे साडेनऊ वाजले होते. समोरून एक गृहस्थ आले. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, काखेत छत्री. डोंबिवलीत भेटले असते तर कुठल्या तरी शाळेचे मुख्याध्यापक समजून मीच आधी नमस्कार केला असता. इथे तो त्यांनी केला.

“आज बंद आहे,” ते इंग्रजीत म्हणाले. “भिक्षूंची पूजा चालली आहे. दुपारी एकला उघडेल.”

मी तेहतीस वर्षं बँकेत काढली. ‘आज होणार नाही’ हे वाक्य काउंटरमागून किती जणांना ऐकवलं असेल, त्याचा हिशेब नाही. पण ते इतक्या हळहळून म्हणता येतं हे मला त्या दिवशी कळलं. माझा राजवाडा हुकला याचं त्यांना माझ्याहून जास्त वाईट वाटत होतं. त्याच हळहळीच्या भरात त्यांनी माझ्या हातातला नकाशा घेतला आणि पेनानं तीन गोल काढले. एकपर्यंतचा वेळ फुकट कशाला घालवायचा? या गोलात एक भाग्यवान बुद्ध आहे, त्याचं देऊळ वर्षातून आजच उघडतं. या गोलात एक सरकारी प्रदर्शन आहे, ते आजच संपतं. तिसऱ्या गोलाबद्दल ते काही बोलले नाहीत. टुकटुक शेजारीच उभी होती. वीस बाट. म्हणजे तेव्हाच्या भावानं पन्नास रुपयेसुद्धा नाहीत. एवढ्या पैशांत डोंबिवलीचा रिक्षावाला मान वळवून बघतही नाही.

राजवाडा अर्थातच उघडा होता. दिवसभर उघडा होता.

यात लाज वाटण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. ‘राजवाडा आज बंद आहे’ ही बँकॉकमधली सगळ्यांत जुनी थाप आहे, हे मला माहीत होतं. निघण्यापूर्वी आठ महिने मी अभ्यास केला होता. दोनशे पानी वही होती आणि तिच्यात हे वाक्य लाल शाईनं अधोरेखित केलेलं होतं. ती वही त्या क्षणी माझ्या पाठीवरच्या पिशवीत होती. पण फसवणारा माणूस फसवणाऱ्यासारखा दिसेल, अशी माझी आपली एक समजूत होती. तो मुख्याध्यापकांसारखा दिसेल असं वहीत कुठेच नव्हतं.

मुळात एकटं जायचं माझं कारण तात्त्विक होतं. आपल्याकडच्या सहलींचा एक ठरलेला मंत्र असतो: सहा-सात-आठ. सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बसमध्ये. सगळ्यांच्या डोक्यावर एका रंगाच्या टोप्या, पुढे छडीला झेंडा लावलेला मुलगा आणि आल्प्सच्या पायथ्याशी वरणभात. मी निवृत्त झालो त्या दिवशी जाहीर केलं की यापुढे मी स्वतंत्र प्रवासी. बायको म्हणाली, “स्वतंत्र म्हणजे बॅगा कोण उचलणार?” मी म्हटलं, आपापली. ती म्हणाली, मग तुम्हीच व्हा स्वतंत्र, मी बायकांच्या सहलीबरोबर जाईन कधीतरी. २०१९ च्या नोव्हेंबरात मी निघालो. थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम, सतरा दिवस, पाठीवर एकच पिशवी.

तर टुकटुक. भाग्यवान बुद्धाचं देऊळ साधंसुधं होतं आणि ते रोजच उघडं असावं असं तिथल्या झोपलेल्या कुत्र्यावरून वाटत होतं. आत बाकावर एक मनुष्य एकटाच बसला होता. तो आपणहून बोलायला लागला. तो म्हणे वकील होता आणि योगायोगानं नुकताच त्या सरकारी प्रदर्शनात जाऊन आला होता. मला त्या योगायोगाचं कौतुक वाटलं. एवढं मोठं शहर, आणि भेटणाऱ्या प्रत्येकाला माझ्याच मार्गातलं एकेक ठिकाण ठाऊक!

प्रदर्शन म्हणजे जवाहिऱ्याचं दुकान होतं. गार सरबत आलं, मग नीलम आले. या खड्यांचे मुंबईत दुप्पट पैसे होतात, असं सांगणारी मुलगी फार गोड होती. मी म्हटलं, पैसे नाहीत. ती म्हणाली, कार्ड चालेल. मी म्हटलं, बायकोला विचारावं लागेल. ती म्हणाली, बायकोला आश्चर्याचा धक्का द्या. तिच्याकडे प्रत्येक सबबीला उत्तर होतं. शेवटी मी खरं कारण सांगितलं, की नीलम हा शनीचा खडा, पत्रिका दाखवल्याशिवाय आमच्यात घालत नाहीत, लाभला नाही तर माणूस रस्त्यावर येतो. ती आत जाऊन कुणाशी तरी बोलून आली. मग एक वयस्कर गृहस्थ आले, त्यांनी माझ्याकडे, मग खड्यांकडे पाहिलं, आणि तबक उचलून घेऊन गेले. जगातल्या सगळ्या विक्रेत्यांना पुरून उरेल असं एक वाक्य आपल्या संस्कृतीनं आपल्याला दिलंय आणि आपण ते लग्न जुळवताना वाया घालवतो.

या विजयाच्या गुर्मीत मी तिसऱ्या गोलात शिरलो. ते शिंप्याचं दुकान होतं. दुकानदार पंजाबी. “आइए अंकल, घर की बात है,” एवढंच तो म्हणाला आणि माझा सगळा अभ्यास पाघळला. सहा हजार बाटला कोट, दोन पँटी, वर टाय फुकट. माप घेता घेता त्यानं मुलाबाळांची चौकशी केली, डोंबिवलीत पाणी किती वेळ येतं हे विचारलं. डोंबिवलीत मे महिन्यात कोट घालून मी कुठे जाणार होतो, हे मात्र त्यानंही विचारलं नाही आणि मीही. बाहेर टुकटुकवाला प्रत्येक दुकानामागे मिळालेली पेट्रोलची कुपनं मोजत बसला होता. त्याच्या वीस बाटच्या धंद्याचं गणित मला तेव्हा कळलं. बँकवाला असून इतक्या उशिरा.

राजवाड्यापाशी परत आलो तेव्हा चार वाजत होते. तिकिटाची खिडकी साडेतीनला बंद होते. उन्हानं लाल झालेली, तृप्त चेहऱ्यांची माणसं हातातल्या फोनवर आतले फोटो बघत बाहेर पडत होती. पलीकडच्या वाट फो या देवळातला आडवा बुद्ध पाहायला मी दुसऱ्या दिवशी गेलो, आणि दाराशी तिकीट हातात पडेपर्यंत ते उघडं आहे यावर माझा विश्वास बसला नव्हता. शेहेचाळीस मीटर लांब बुद्ध निवांत कुशीवर पहुडलेला आहे. निवृत्त माणसाला बरं वाटावं असं एवढं भव्य दृश्य मी दुसरं पाहिलेलं नाही.

बँकॉकमध्ये मला सगळ्यांत जास्त कुणी फसवलं असेल तर संस्कृतनं. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. आत भलंमोठं समुद्रमंथन उभं केलेलं. राजे सगळे राम, सध्याचे दहावे. शहराचं खरं नाव तर एवढं लांब आहे की ते पत्त्यात लिहिलं तर पत्रात मजकुराला जागा उरणार नाही, आणि त्या नावात इंद्रही आहे आणि विश्वकर्माही. मी मनात म्हटलं, आपण माहेरीच आलो. दहावीला संस्कृतमध्ये मला ऐंशीच्या वर गुण होते. थाई भाषेत शाकाहाराला जो शब्द आहे तो ‘मांसविरति’वरून आलाय, हेही वहीत लिहून नेलं होतं. एका खानावळीत बसून मी स्वच्छ, पाठ म्हटल्यासारखं म्हणालो, “मांसविरति.”

वाढणारी मुलगी हसली आणि पाणी घेऊन आली.

मी पुन्हा म्हटलं. तिनं काटा आणला. मग शेजारच्या टेबलावरचा एक विद्यार्थी मदतीला आला. मी काय म्हणतोय ते त्यानं तीनदा ऐकलं, डोळे मिटले आणि एकदम त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. “आ! मङ्सविरत्!” तो म्हणाला, पण म्हणाला कसा, तर पहिलं अक्षर जिन्यावरून उतरल्यासारखं आणि शेवटचं तोंडातच गिळून. हजार-बाराशे वर्षांपूर्वी आपले शब्द तिकडे गेले, तिथे स्थायिक झाले, त्यांच्या पोराबाळांना आता आपली भाषा कळत नाही. अमेरिकेत गेलेल्या पुतण्यांसारखंच आहे हे. गाडीला ‘रथ’ लिहितात आणि ‘रोत’ म्हणतात. टेलिफोन म्हणजे ‘दूरशब्द’, पण कानाला ऐकू येतं ‘थोरसप’. आणि स्वच्छतागृहाच्या पाटीवर एक शब्द असतो तो ‘सुखा’. नाव देणाऱ्यानं स्वानुभवावरून दिलं असणार. मला तरी सतरा दिवसांत आशियातलं एवढं नेमकं नाव दुसरं आढळलं नाही.

मांसविरत भात आला. त्यात मासळीचं पाणी होतं. मासा हा मांसात धरत नाहीत असं दिसलं. याबाबतीत बंगाल्यांशी माझा जुना वाद आहे, त्यामुळे मी गप्प बसलो. पुढे कळलं की पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेलं असेल तिथे जायचं. तिथे मांस, मासा, अंडं तर नाहीच, वर कांदा-लसूणही नाही. मांसविरतीवरून एकदम चातुर्मासात. मधला साधा बटाट्याची भाजी खाणारा माणूस त्यांच्या हिशेबातच नाही.

कंबोडियाच्या सरहद्दीपर्यंत मी तिसऱ्या वर्गाच्या गाडीनं गेलो. पहाटे सहाच्या आत सुटते, तिकीट जेमतेम पन्नास बाट, उघड्या खिडक्या, कडक बाकडी. सगळ्या प्रवासातले हे सर्वोत्तम सहा तास. डोंबिवलीकराला लोकल मिळाली आणि तीही बसायला, खिडकीशी, आणि चौथ्या सीटचा कुणी दावेदार नाही! मला भरून आलं. सरहद्दीवर पुढे काय काय झालं ते सांगत नाही. एवढंच सांगतो की ज्या इमारतीवर परदेशी वकिलातीसारखी पाटी होती ती वकिलात नव्हती. माझ्याजवळ ई-व्हिसा होता, म्हणून मी वाचलो. माझ्यापुढचा जर्मन मुलगा वाचला नाही.

अंगकोर वाटचा सूर्योदय हे माझ्या वहीतलं पहिलं पान. एक दिवसाचा पास सदतीस डॉलर, त्यावर तुमचा फोटो. हा फोटो आदल्या संध्याकाळी काढतात, त्यामुळे आपण नक्की किती दमलोय याचा सरकारी पुरावा गळ्यात घालून फिरावं लागतं. पहाटे साडेचारला निघालो. मनात चित्र तयार होतं: शांत तळं, कमळं, पाच शिखरांची काळी आकृती, मागून वर येणारं बिंब, आणि मी. सूर्यवर्मा दुसरा यानं बाराव्या शतकात हे विष्णूचं मंदिर बांधलं ते पश्चिमेला तोंड करून, त्यामुळे सूर्य बरोबर पाठीमागून येतो. चित्रात फक्त बाकीचे दीडेक हजार लोक नव्हते. तळ्याच्या काठी लोक सहाच्या कर्जत फास्टसाठी उभे असावेत तसे उभे होते. सगळ्यांचे हात वर, हातात फोन. मला समोरच्या माणसाच्या फोनमधून मंदिर दिसत होतं. सूर्य नेमका मधल्या शिखरावर यायला मार्च नाहीतर सप्टेंबर लागतो, हे मला तिथे उभं असताना शेजारणीच्या गाइडकडून कळलं. नोव्हेंबरात तो बाजूला सरकतो. त्या दिवशी तर तो कुठेच आला नाही. ढग होते. हळूहळू सगळं राखाडी दिसू लागलं, तेव्हा उजाडलं असं सर्वानुमते ठरलं.

आणि मग मागून आवाज आला, “अहो शिंदे, टोपी काढा, फोटोत तेवढीच येतेय!”

भगव्या टोप्या. छडी. छडीला झेंडा. मी चटकन मान फिरवली. ज्यांच्यापासून पळून आलो तेच सदतीस डॉलर भरून माझ्या पाठीशी उभे होते. मी गप्प राहिलो, शक्य तितका श्रीलंकेचा दिसायचा प्रयत्न केला. एका काकूंनी माझ्या हातात फोन दिला आणि हिंदीत म्हणाल्या, भाईसाब, जरा एक ग्रुप फोटो. नाही म्हणता येईना. फोन डोळ्यांपुढे धरला. डावीकडचे तिघे चौकटीबाहेर होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “डावीकडचे, जरा आत सरका हो!”

पुढची पाच मिनिटं उलटतपासणी झाली. कुठले? डोंबिवलीचे कुठे, पूर्व की पश्चिम? एकटेच? एकटेच म्हणजे? त्या ‘म्हणजे’मध्ये बऱ्याच शंका होत्या. बायको आहे, हातीपायी धड आहे आणि तिला माहीत आहे, एवढं कळल्यावर वातावरण निवळलं. मग सगळे माझ्याकडे अनाथाश्रमातल्या मुलाकडे बघावं तसे बघू लागले. कुणी भाकरवडी दिली, कुणी चिवडा. थर्मासातून चहा आला. खरा, आलं घातलेला. “रात्री आमच्या हॉटेलवर या, आज मसालेभात आहे,” छडीवाला म्हणाला. माझ्या तत्त्वनिष्ठेला साजेलसं उत्तर मी देणार होतो, पण तोंडात भाकरवडी होती.

त्यातल्या एका आजींना माझं इंग्रजी उपयोगी पडेल असं वाटलं. तारीख होती १२ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा. आजींनी घरून साडेसातशे त्रिपुरवाती वळून आणल्या होत्या आणि वरच्या मुख्य गाभाऱ्यापाशी त्या लावायच्या होत्या. “देव विष्णू असला तरी चालतं, मी भटजींना विचारलंय,” त्या म्हणाल्या. “तुम्ही फक्त त्या शिपायाला विचारा.” मी आजींना घेऊन उंच लाकडी जिन्यापर्यंत गेलो. तिथे दोरी बांधलेली होती. पहारेकऱ्यानं सांगितलं, वर जाणं आज बंद. बौद्धांचा पवित्र दिवस, पौर्णिमा. वाती तर लांबच राहिल्या.

निघण्यापूर्वी मी कालनिर्णय पाहिलं होतं. त्यात त्रिपुरी पौर्णिमा ठळक छापलेली होती. पण चंद्र दोन्हीकडे एकच असतो, हे वहीत टिपायचं राहून गेलं होतं.

“आज बंद आहे,” मी आजींना सांगितलं. आवाजात बँकॉकच्या मुख्याध्यापकांची सगळी हळहळ आणली. आजी म्हणाल्या, “तुम्ही नीट विचारलंच नाहीत.”

दुपारी पूर्वेच्या सज्जात समुद्रमंथनाचं शिल्प पाहिलं आणि सकाळचा सगळा राग गेला. जवळजवळ एकोणपन्नास मीटर लांब दगडी भिंत, वासुकीचा एकच सलग दोर, एका बाजूला दैत्य, एका बाजूला देव, मधे विष्णू, वरती अप्सरा आणि खालच्या पाण्यात घुसळणीनं तुकडे झालेले मासे आणि मगरी. त्या मगरींकडे लक्ष गेलं की अमृताची किंमत कुणी दिली ते कळतं. मराठी माणूस गोष्ट माहीत असल्यावर गप्प राहू शकत नाही. मी शेजारच्या एका फ्रेंच जोडप्याला सुरुवातीपासून सांगू लागलो: मंदार पर्वत, कूर्मावतार, हलाहल, मोहिनी, राहूचं मुंडकं. माझ्या आजीनं मला लहानपणी सांगितली होती तश्शी, मधल्या आवाजांसकट. आठ-दहा लोक जमले. शेवटी आलेला एक कंबोडियन गाइड शांतपणे उभा राहून ऐकत होता. माझं संपल्यावर तो म्हणाला, देव अठ्ठ्याऐंशी आणि असुर ब्याण्णव आहेत, आणि शेपटीशी उभा आहे तो हनुमान.

मी म्हटलं, अहो, हनुमान समुद्रमंथनात कसा येईल? तो रामायणातला. मधे युगं गेली.

“आमच्यात असतो,” तो म्हणाला.

मी पुढे होऊन बघितलं. होता. शेपूट धरून ओढत होता, आणि सगळ्यांत मनापासून तोच ओढत होता. रात्री मसालेभाताला गेलो. वर साजूक तूप होतं. यापेक्षा जास्त काही मी कबूल करणार नाही.

हनोईला पोचेपर्यंत मी असा घडलो होतो की कुणी ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं तरी मी घड्याळ बघून खात्री करून घ्यायचो. शुक्रवारची सकाळ होती. हो चि मिन्ह यांची समाधी पाहायची होती. आपलं दहन करावं असं त्या माणसानं लिहून ठेवलं होतं. त्याचं न ऐकता १९७५ मध्ये त्याला ग्रॅनाइटच्या इमारतीत काचेखाली ठेवलं. म्हाताऱ्यांचं कुणी ऐकत नाही हे फक्त आपल्याकडेच नाही तर. तळ्याकाठी एक दुचाकीवाला भेटला. कुठे, समाधीला? त्यानं दोन्ही हातांची फुली केली. “फ्रायडे. क्लोज.”

मी हसलो. तेहतीस वर्षं काउंटरमागे हसलो तसं हसलो.

“टुमॉरो,” तो म्हणाला. “टुमॉरो, ओके.”

इथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. फसवणारा माणूस ‘उद्या या’ असं कधी म्हणत नाही, ते फक्त खरोखर बंद असलेल्या खिडकीमागचा माणूस म्हणतो. ते मला कळायला नको? पण मी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि अडीच किलोमीटर चालत गेलो. समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते. पांढऱ्या गणवेशातल्या सैनिकानं मला लांबूनच हाताची फुली करून दाखवली. अगदी तशीच.

त्याच दिवशी दुपारी मी उसाच्या रसाच्या गाडीवर थांबलो. व्हिएतनामच्या नोटांनी माझी फार धांदल उडवली होती. यंत्रातून वीस लाख काढले तेव्हा छाती फुगली, हिशेब केल्यावर ते सहा हजार रुपये निघाले. त्यात वीस हजाराची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळसर, दोन्हींवर एकच दाढीवाले गृहस्थ. एक साठ रुपयांची, दुसरी दीड हजारांची. मी रस प्यालो, निळी नोट दिली आणि चालू लागलो. मागून बाई ओरडायला लागली. मी वेग वाढवला, आता ही काय गळ्यात मारणार? ती धावायला लागली. मीही. हनोईच्या जुन्या भागातल्या गल्लीत, सायकली आणि प्लास्टिकची बुटकी स्टुलं चुकवत, एकसष्ट वर्षांचा मी पुढे आणि नोटांचा गठ्ठा हातात घेऊन ती मागे. रस्ता ओलांडायची वेळ आली तेव्हा मी अडकलो. हनोईत रस्ता ओलांडताना न थांबता, एकाच वेगानं चालत राहायचं असतं, स्कूटर आपोआप तुम्हाला वळसा घालतात. माझी सासुरवाडी पुण्याची असल्यानं ही विद्या मला अवगत आहे, पण पळताना ती चालत नाही. तिनं मला गाठलं, माझा हात धरला, त्यावर चार लाख ऐंशी हजार मोजून ठेवले आणि मला यथेच्छ झापलं. भाषा कळली नाही. आशय कळला. माझी आई अगदी याच सुरात झापायची.

घरांच्या मधून रेल्वे जाते ती प्रसिद्ध गल्लीही पाहायची होती. रुळाला चिकटून कॉफीची दुकानं. ऑक्टोबरातच ती अधिकाऱ्यांनी बंद केली होती. मी गेलो तेव्हा आडवी दांडी होती, मी काही न विचारता परत फिरलो. हालोंगच्या उपसागरात एकोणीसशे एकोणसत्तर बेटं आहेत. धुकं होतं. मला अकरा दिसली, त्यातलं एक बहुधा जहाज असावं.

खाण्याचं मात्र हनोईत जमून गेलं, तेही एका गैरसमजातून. ‘चाय’ असा उच्चार होणारी पाटी जागोजागी दिसत होती. मला चहाची तलफ आलेली. आत जाऊन बसलो, ‘चाय’ म्हटलं, बाईनं आनंदानं मान डोलावली आणि टोफू, भाजी, भात असं ताट आणून ठेवलं. ‘चाय’ म्हणजे शाकाहारी. मग चहाला काय म्हणतात? तर ‘चा’. कोकणातल्या माझ्या मामासारखा स्वच्छ ‘चा’. आठ महिने अभ्यास करून जे साधलं नाही ते तलफेनं साधलं. पुढचे चार दिवस मी चाय जेवलो आणि चा प्यालो. अंड्याची कॉफीही प्यालो. १९४६ च्या सुमारास दुधाची टंचाई होती तेव्हा तिथल्या एका बारटेंडरनं दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून घातला, तेव्हापासूनची ती. लागते बासुंदीसारखी. आमच्या घरी अंडं चालत नाही, त्यामुळे या परिच्छेदातली शेवटची चार वाक्यं बायकोनं वाचू नयेत.

परतीचं विमान बँकॉकहून रात्रीचं होतं. हाती आख्खा दिवस होता, आणि राजवाडा बाकी होता. पण आधी पँट घ्यायची होती. शिंप्यानं कमरेत दोन इंच कमी धरले होते आणि ‘लौटते वक्त ठीक कर देंगे’ म्हणाला होता. दोन इंच सोडायला त्यानं दोन तास घेतले. दरम्यान लस्सी पाजली. डोंबिवलीत पाणी आता किती वेळ येतं, हे पुन्हा विचारलं.

भिंतीपाशी पोचलो तेव्हा मुख्याध्यापक तिथेच होते. तोच शर्ट, तीच छत्री.

“बंद आहे,” ते म्हणाले.

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. “खरंच?”

ते दुखावले गेले. त्यांनी मनगट पुढे करून घड्याळ दाखवलं. चार वाजून पाच मिनिटं. मी पुढे जाऊन दारावरच्या शिपायाला विचारून आलो. परत आलो तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त छत्रीचं टोक जमिनीवर टेकवून उभे राहिले, इतक्या दिवसांनी एकदा खरं बोललो तर ही किंमत, अशा चेहऱ्यानं. मला खरोखर शरम वाटली. मी त्यांना उरलेली भाकरवडी दिली.

कोट मी एकदाच घातला, भाच्याच्या लग्नात, तोही जानेवारीत. दोन पँटींपैकी एकीची चेन वरून खाली उघडते आणि दुसरीची उघडतच नाही.

२०२३ मध्ये बायको बायकांच्या सहलीबरोबर बँकॉकला गेली. सहा-सात-आठ. तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला माझ्या फोनवर फोटो आला. मागे सोन्याची शिखरं, पुढे जांभळ्या टोप्यांतल्या पंचेचाळीस बायका, मधोमध ही. खाली लिहिलं होतं, “राजवाडा उघडा आहे हो.”

संध्याकाळी फोन आला. पाय दुखतात का, जेवली का, वगैरे झाल्यावर मी सावधपणे विचारलं, दागिन्यांच्या दुकानात नेलं नाही ना कुणी?

“नेलं की,” ती म्हणाली. “कार्यक्रमातच आहे ते. दोन तास बसलो. प्रत्येकीनं सगळे नीलम घालून बघितले. घेतलं काही नाही. सरबत मात्र छान होतं हं, आम्ही दोनदा मागून घेतलं.”